मेहुण्याची चाल

तासगावात आजही कुणी पाय फेंगडे टाकत चालला, की मागून कुणीतरी ओरडतंच, "पाय सरळ! खराडे सर बघतायत!" हा नावलौकिक मी चौतीस वर्षं शाळेच्या मैदानावर पी.टी. शिकवताना घसा बसवून कमावला आहे. गणिताशी माझं कधी जमलं नाही, कवितेतलं मला ओ की ठो कळत नाही. पण माणूस कसा चालतो यावरून तो कसा आहे हे मी बरोबर सांगतो, असा माझा दावा होता. होता म्हणतो, कारण दोन हजार सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत माझ्याच बुटांनी तो खोडून काढला.

त्याचं असं झालं. माझी डावी टाच गेली होती. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की खिळ्यावर पाय पडल्यासारखी कळ यायची. डॉक्टर म्हणाले, "सर, बासष्ट वय झालं. टाचेखालची गादी झिजली. आता पळणं विसरा."

विसरा म्हणायला त्यांचं काय जातं? गावची दहा किलोमीटरची दौड मी सुरू केली. चोवीस वर्षं झाली आणि चोवीसही वेळा मी स्वतः ती पुरी केली. एकदा अंगात ताप असताना, एकदा मुलीच्या बारावीच्या परीक्षेच्या काळजीत, तो ताप वेगळा. उन्हाळा हल्ली फेब्रुवारीतच दारात येऊन बसतो म्हणून दौड सकाळी सहाला सुटते, पण सुटते. यंदा पंचविसावी. पंचविसाव्या वर्षी खराडे सर मांडवात खुर्चीवर बसून टाळ्या वाजवणार, ही कल्पनाच मला सोसेना.

तेव्हा पुण्याहून आमच्या मुलीनं, शर्वरीनं, बूट पाठवले. नाव 'पायगुण'. पेटीवर लिहिलं होतं, 'तुमची चाल शिकणारा आणि सांभाळणारा बूट'. पेटी आली तेव्हा मी राज्य स्पर्धांना पंच म्हणून नागपूरला गेलो होतो. दहा दिवसांनी परतलो, तर बूट ओसरीवर पुसून, नाड्या सैल करून मांडून ठेवलेले.

"घाला," माझी बायको वैजयंता म्हणाली. "मऊ आहेत अगदी."

घातले. मऊच होते. नवे बूट आणि चावले नाहीत, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेलो. पहिली दहा-वीस पावलं बरी गेली. मग डाव्या बुटाला काय झालं कोण जाणे, पाऊल टाकलं की चवडा बाहेरच्या बाजूला वळायला लागला. मी सरळ करायचा, तो वळायचा. टाच जमिनीला टेकते न टेकते तोच बूट मला पुढं ढकलायचा. तोल सावरायला अंग उजवीकडं झुके आणि दर पाच-सहा पावलांनी एक छोटीशी उडी. घाईत निघालेलं बदक कसं चालतं ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

मैदानावर सकाळी फिरायला येणारे निम्मे माझेच विद्यार्थी. मुकुंद कदम, आता पन्नाशीचा वकील, समोरून येत होता. त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पाय सरळ!" आणि मग त्यानं माझं तोंड पाहिलं.

"माफ करा सर. तुम्ही आहात हे लक्षात नाही आलं."

"मीच आहे," मी म्हटलं, आणि एक उडी मारून पुढं गेलो.

घरी पोचेपर्यंत माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत मी स्वतःला चालताना पाहिलं आणि जागच्या जागी थांबलो. ही चाल माझ्या ओळखीची होती. ही धैर्यशीलची चाल होती.

धैर्यशील सूर्यवंशी, वैजयंताचा धाकटा भाऊ. आधी माझा विद्यार्थी, नंतर मेहुणा. सावळजला त्याची बेदाण्याची शेड आहे. बावीस वर्षांपूर्वी त्याच्या लग्नात नवरदेव बोहल्याकडं निघाला, तो असाच, डावा पाय फेकत. माझ्या हातात माईक होता. मला कुठून दुर्बुद्धी सुचली, मी माईकवरून ओरडलो, "धैर्या, पाय सरळ!" मांडव हसला. नवरीसुद्धा हसली. त्या दिवसापासून धैर्यशीलनं माझ्या घराची पायरी चढली नाही. एवढ्याशा गोष्टीवरून! आळशी माणसाला राग तेवढा चपळ असतो, असं मी वैजयंताला कितीदा ऐकवलं असेल.

"वैजयंता," मी ओसरीवरूनच हाक मारली. "या बुटांना कुणी हात लावला होता?"

आतून पातेल्याचा आवाज थांबला.

"हात नाही लावला," ती म्हणाली. "पाय लावला."

मग सगळं बाहेर आलं. तिच्या माहेरची रीत अशी, की नवी वहाण चावते म्हणून ती आधी दुसऱ्यानं आठ दिवस वापरून मोडून घ्यायची. तिच्या वडिलांच्या वहाणा लहानपणापासून धैर्यशीलच मोडायचा. माझं आणि त्याचं माप एकच, आठ नंबर. माझी दुखरी टाच, त्यात नवे बूट. बाईच्या जिवाला लागलं. तिनं ते पिशवीत घालून सावळजच्या एसटीनं भावाकडं पाठवले. आठ दिवस तो ते घालून बेदाण्याच्या शेडमध्ये फिरला.

"म्हणजे तुमचं बोलणं आहे?" मी विचारलं.

"बावीस वर्षं आहे. दर चैत्रात पाच किलोचा बेदाण्याचा डबा येतो, तो तुम्हाला काय वाटलं, आकाशातून पडतो?"

मला तो बाजारातून येतो असं वाटत होतं. मी त्या बेदाण्यांची शाळेत तारीफसुद्धा केली होती.

दौडीला नऊ दिवस उरले होते. मी बूट घेऊन सांगली गाठली.

सांगलीच्या 'पायगुण' केंद्रात शाहीन मुल्ला नावाच्या इंजिनिअर बाई होत्या. त्यांनी मला आरशासमोर चालवलं, हसू दाबायला दोनदा खोकल्या आणि मग बूट उलटा करून समजावून सांगायला लागल्या. मी आयुष्यभर लोकांना टाचा उचला, टाचा जुळवा सांगत आलो. टाच म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

आपल्या टाचेच्या हाडाखाली दीड-दोन सेंटिमीटर जाडीची चरबीची गादी असते. ती सलग नसते. डाळिंब फोडलं की आत जसे पडद्यांनी केलेले कप्पे दिसतात, तसे तिच्यात बारीक कप्पे असतात. चालताना टाच टेकते तेव्हा आपल्या वजनाहून थोडा जास्तच दणका बसतो, पळताना त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि तो हे कप्पे दाबून घेतात. वय झालं की पडदे सैल पडतात, चरबी बाजूला सरकते आणि दणका थेट हाडावर जातो.

"या तळव्यात आम्ही तसेच कप्पे केलेत, एकेका बुटात तीनशे बारा," मुल्ला बाई म्हणाल्या. "आत एक द्रव आहे. वीज दिली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत घट्ट होतो, काढली की पातळ. कुठला कप्पा कधी घट्ट करायचा, हे बूट तुमच्या पहिल्या वीस हजार पावलांवरून शिकतो. मग तीच चाल पक्की धरतो. एका बाजूला कडक, दुसऱ्या बाजूला मऊ. पाय जात्याच आळशी असतो सर, जिकडं सोपं तिकडं वळतो. तुमच्या वयाच्या लोकांची चाल बिघडू नये म्हणून हे केलंय."

"पण हा दुसऱ्याची चाल शिकलाय."

"पत्रकात मोठ्या अक्षरात लिहिलंय, पहिली वीस हजार पावलं मालकानंच चालावीत."

पत्रक आठ भाषांत होतं. आमच्या घरात ते एकाही भाषेत कुणी वाचलं नव्हतं.

"मग पुसा ते."

"मला नाही पुसता येत. देवळाबाहेरून बूट चोरीला जातात ना, म्हणून कुलूप आहे. ज्याची चाल शिकलाय, त्यानंच हे घालून शंभर पावलं चालायला पाहिजे. मग फोनवर विचारलं जातं, पुसू का. बूट नाव ओळखत नाही सर, टाच ओळखतो." मग त्यांनी पडद्यावर दोन तळव्यांचं रंगीत चित्र लावलं आणि त्यांचा आवाज बदलला. "हे गृहस्थ कोण आहेत? यांची डावी टाच मोडलेली आहे."

"छे! तो आळशी आहे."

"हे बघा. टाचेच्या बाहेरच्या अंगाला हा माणूस भारच देत नाही. तिथं हाड चपटं आहे. अंदाजच आहे हा, एक्स-रे नव्हे. पण असं होतं ते तेरा-चौदाव्या वर्षी, हाडाचा वाढीचा पट्टा भरून यायच्या आधी. तेव्हा हाड तडकलं असणार आणि तडकलेल्या हाडावर कुणीतरी त्याला पळवलं असणार. कोण बैल होता कोण जाणे."

बैल समोरच्या खुर्चीत बसला होता.

नोकरीचं पहिलं वर्ष, दोन हजार नऊ. आंतरशालेय तीन हजार मीटर. आमच्याच शाळेच्या मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली धैर्यशील मटकन खाली बसला होता. "सर, टाच लई दुखतीया." मी चोवीस वर्षांचा, नवा कोरा, गळ्यात शिट्टी. ओरडलो, "नाटकं करू नकोस! पाय सरळ कर आणि पळ!" तो उठला, पळाला, शेवटून दुसरा आला. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, 'आळशी. कष्टाची तयारी नाही.' माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळं ते अजूनही स्पष्ट वाचता येत असेल. मला त्या खुर्चीत फार लाज वाटली.

"आणखी एक विचारू?" मुल्ला बाई म्हणाल्या. "हे घातल्यापासून तुमची टाच दुखली?"

मी आठवून पाहिलं. आदल्या दिवशी मी हे बूट घालून पाऊण तास फिरलो होतो, रागाच्या भरात जोरजोरात पाय आपटत घरी आलो होतो. आणि आज सकाळी पलंगावरून उतरताना कळ आली नव्हती.

"नाही," मी म्हटलं.

"दुखणार कशी? ही चाल त्यांनी ती टाच वाचवायलाच बसवलीय. झीज तुमचीही डावीकडं, त्याच जागी. बूट पुन्हा तुमची चाल शिकला तर दुखणंही परत शिकेल. ठरवा तुम्ही."

सावळजला गेलो तेव्हा शेडमध्ये बेदाणा उतरवायचं काम चाललं होतं. जाळ्यांवर हिरवट सोनेरी मणी पसरलेले, हवा ओली झाली की पडदे आपोआप मिटत होते, आणि एवढी यंत्रं असूनही साळुंक्या हाकलायला माणूसच पळत होता. तो माणूस धैर्यशील होता. डावा चवडा बाहेर, दर पाच पावलांना उडी, दोन्ही हात वर. मला पाहून हात वरच राहिले.

"या सर," तो म्हणाला. "बसा की."

बावीस वर्षं झाली तरी 'सर'च. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला कुणी सर म्हणतं का?

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलणं जमलं नसतं. "धैर्यशील, माझं चुकलं," मी म्हटलं.

त्यानं हात खाली घेतले. "कुठलं सर? मोडक्या टाचंवर पळवलं त्ये, का लग्नात वरडला त्ये?"

"दोन्ही. पण टाच मोडलीय हे तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं व्हतं की. लिंबाखाली."

त्यानं ओंजळभर बेदाणे माझ्या हातावर ठेवले. माझ्या घरातली चव मला त्या शेडमध्ये लागली.

"टाचंचं एवढं न्हाई," तो शांतपणे म्हणाला. "ती दीड म्हैन्यात बसली. वाकडी बसली, पर बसली. त्ये लग्नातलं काय बावीस वरसात बसलं न्हाई बघा. बायकू आजून कवा कवा हसती."

"चूक झाली माझी. मोठी चूक झाली." माझा आवाज मैदानावर कधी फुटला नाही, तो तिथं फुटला.

तो घाईनं म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता. आणा हिकडं बूट, आक्कानं फोन केलाय. शंबर पावलं न्हवं?"

त्यानं बूट चढवले आणि जाळ्यांच्या मधल्या वाटेनं चालायला लागला. मी मोजत मागं गेलो. त्याची चाल मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिली. टाच पडायच्या आत चवडा वळायचा, भार उजवीकडं जायचा, उडीनं डावा पाय मोकळा व्हायचा. चौदा वर्षांच्या पोरानं कुणी न शिकवता, दुखतंय तिथं भार पडू नये म्हणून हे सगळं एकट्यानं जुळवलं होतं. चौतीस वर्षांत इतकं चांगलं काम मी कुणाला शिकवलं नव्हतं.

शंभर झाली. फोन वाजला. पडद्यावर आलं, 'शिकलेली चाल पुसायची?' खाली 'होय' आणि 'नाही'.

"दाबा की," धैर्यशील म्हणाला. "का आता गावाम्होरं माज्यावानी पळणार हाय तुम्ही? हसून मरतील लोकं."

मला मुकुंद वकिलाचा चेहरा आठवला. मांडवातली खुर्ची आठवली. सरळ पायानं खुर्चीत बसायचं, की वाकड्या पायानं दौड पुरी करायची, असा साधा हिशेब होता. पण माझं बोट बराच वेळ हवेत राहिलं. मग मी 'नाही' दाबलं.

"दौडीला येशील?" मी विचारलं.

"बगतो सर. बेदाणा उतरवाय आलाय." त्यानं बूट काढून मला दिले आणि परत साळुंक्यांकडं वळला. येणार नाही हे मला कळलं. मी मागितलेली माफी आठ मिनिटांची होती आणि त्याची वाट बावीस वर्षांची.

दौडीच्या दिवशी सहाशे लोक होते. शिट्टी वाजली आणि मी निघालो, चवडा बाहेर, पाच पावलं, उडी. पहिल्या किलोमीटरला लोकांना वाटलं सर गंमत करतायत. दुसऱ्याला त्यांना कळलं की नाही, सर असेच पळतायत. मग मात्र हसण्याला ऊत आला. शाळेची पोरं कडेनं माझ्यामागं उड्या मारत पळायला लागली. माईकवरचा निवेदक म्हणाला, "खराडे सरांची ही कुठली नवी पद्धत आहे, ते स्पर्धेनंतर विचारू." बुटांना पळणं माहीत होतं तेही बेदाण्यावरून साळुंक्या हाकलण्यापुरतं, त्यामुळं दर बारा सेकंदांनी ते पक्षी उडाले असं समजून वेग कमी करत. पण टाच दुखत नव्हती. चौथा, सहावा, आठवा किलोमीटर गेला, टाच दुखली नाही.

शेवटचे तीनशे मीटर शाळेच्या मैदानावर. दोन्ही बाजूंना गर्दी, चौतीस वर्षांची पटसंख्या उभी असावी तशी. आणि तिथं माझा घात झाला. एवढ्या डोळ्यांसमोर बदकासारखं जायचं मला जिवावर आलं. शेवट तरी सरळ करू, म्हणून मी सगळा जोर लावून बुटाशी भांडलो आणि डावा पाय सरळ टाकला. एक पाऊल, दोन पावलं. तिसऱ्याला टाच अशी कळवळली की मी होतो तिथं बसलो.

मांडवातून दोघंजण खुर्ची घेऊन निघाले. मी लिंबाखाली बसलो आहे, हे मला वर पाहिल्यावर समजलं. समोर वैजयंता तोंडाला पदर लावून उभी होती आणि तिच्या शेजारी, कपड्यांवर बेदाण्याची धूळ घेऊन, धैर्यशील. दोन्ही हात वर, साळुंक्या हाकलताना असतात तसे.

"ओ दाजी!" तो सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला. "नाटकं करू नगासा! पाय वाकडा करा आन् पळा!"

मांडव हसला. वैजयंता हसली. मीही हसलो, आणि डोळे पुसत उठलो. मग पाय वाकडा केला आणि पळालो.

शेवटून दुसरा आलो. तो नंबर आमच्या घरातच राहिला.